साठीनंतरचे नवे काम : चांदीच्या दागिन्यांची झाळ

आमचे अण्णा कुवेतमध्ये एकोणतीस वर्षे वेल्डर होते. १९९२ साली आले, तेव्हा इराकी आक्रमणानंतरची दुरुस्तीची कामे जोरात चालू होती. परतले २०२१ साली. राहायला शेवटपर्यंत जलीब अल शुयूखच्या हसावी भागात, एका खोलीत सहा जण. मी आज अब्बासियात ज्या इमारतीत राहतो तिथून ती गल्ली चालत दहा मिनिटांवर आहे. मी इंजिनिअर झालो आणि संगणकापुढे बसून कमावतो, ते त्या खोलीतून आलेल्या ड्राफ्टवर.

परतले ते स्वखुशीने नव्हे. १ जानेवारी २०२१ पासून साठी ओलांडलेल्या आणि पदवी नसलेल्या परदेशी माणसांच्या कामाच्या परवान्याचे नूतनीकरण थांबवण्याचा निर्णय अमलात आला होता. पुढे तो निर्णय रद्द ठरला, २०२२ मध्ये जादा शुल्क आणि आरोग्य विम्याची अट घालून परवानगी सुरू झाली, त्यानंतरही नियम बदलत गेले. पण अण्णांचा परवाना संपला तो नेमका मधल्या काळात. आयटीआयचे प्रमाणपत्र पदवीत मोजले गेले नाही. बॅग भरली आणि हुपरीजवळच्या आमच्या गावी गेले.

पहिले वर्ष वाईट गेले. संध्याकाळी मी फोन करायचो. "आज काय केलं अण्णा?" "काय न्हाई. जेवलो." रक्तदाबाची गोळी सुरू झाली, मग झोपेची. आई म्हणायची, माणूस घरात आहे आणि नाही. पैशांची अडचण नव्हती, हे मुद्दाम सांगतो, कारण आपण सगळेच निवृत्तीचा विचार म्हणजे पैशांचा विचार असे धरून चालतो. मीही तसाच धरून चाललो होतो.

हुपरी हे हातकणंगले तालुक्यातले चांदीचे गाव. पैंजण, साखळ्या, घुंगरू यांचे काम तिथे घरोघर चालते. पुरुष भट्टीवर आणि यंत्रावर, बायका स्वयंपाक आटोपून कड्या जोडायला बसलेल्या, हे दृश्य आम्ही लहानपणापासून पाहत आलो. माझ्या आत्येभावाचा तिथे छोटा कारखाना आहे. एक दिवस अण्णा सहज तिथे जाऊन बसले. समोर एक मुलगा पैंजणाला झाळ देत होता. अण्णा थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ज्योत मोठी हाय रं तुझी." त्या एका वाक्यावर त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावणे आले. तेव्हा त्यांचे वय होते एकसष्ट.

मंडळातल्या चार-पाच कुटुंबांत सध्या हाच प्रश्न आहे: साठी आली, परत जायचे, पण जाऊन करायचे काय? एक-दोन भगिनी दागिने करण्याचा विचार करीत आहेत, म्हणून संपादकांनी मला अण्णांच्या अनुभवावरून लिहायला सांगितले. मी सोनार नाही आणि डॉक्टरही नाही. जे पाहिले आणि ताडून घेतले, तेवढेच लिहितो.

आधी झाळ म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळे प्रकरण तिच्यावर उभे आहे. वेल्डिंगमध्ये जोडायचे दोन्ही तुकडे स्वतःच वितळतात आणि एकजीव होतात. झाळकामात दागिन्याचा धातू वितळता कामा नये. त्याच्यापेक्षा कमी तापमानाला वितळणारे झाळण फटीत ओढले जाऊन दोन्ही तुकड्यांना धरते. शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते. तांबे मिसळलेली चांदी त्याआधीच मऊ पडते, आणि चांदी, तांबे, जस्त यांचे झाळण साधारण सातशे अंशांच्या आसपास वाहू लागते. म्हणजे कारागिराच्या हातात असलेली जागा मोठी नाही. त्यात चांदी ही सर्व धातूंत उष्णता सर्वांत चटकन वाहून नेणारी. सांध्यावरच ज्योत धरली तर उष्णता पसरून जाते आणि झाळण वाहतच नाही. चिडून ज्योत वाढवली तर बारीक कडी गोळा होऊन बसते. सगळा दागिना हळूहळू तापवायचा, सवागी म्हणजे टाकणखार पसरून काचेसारखा झाला की मग सांध्याकडे वळायचे.

ताप मोजायला तिथे मापक नसतो, रंग बघायचा असतो. अंधूक उजेडात चांदी मंद लाल दिसू लागली की झाळण वाहायची वेळ झाली. अण्णांनी पहिल्या दिवशी सवयीने वेल्डिंगचा काळा चष्मा लावला. त्यातून तो लाल रंग दिसेचना. पाठोपाठ तीन पैंजणांचे गोळे झाले. कारखान्यातली पोरे हसली, आत्येभाऊ हसला नाही. त्याने गोळे तागडीत टाकून वजन केले आणि पुन्हा आटणीला पाठवले. हा या धंद्याचा मला आवडलेला गुण. बिघडलेला धातू फेकावा लागत नाही. मजुरी बुडते, चांदी जवळजवळ सगळी परत येते. साठीत नवीन काहीतरी शिकणाऱ्याला चुकायची इतकी स्वस्त सोय दुसरीकडे क्वचित मिळेल.

दोन महिन्यांत हात बसला. वेल्डरचा हात होताच, फक्त तो लहान करायचा होता. रोज सकाळी नऊ ते एक ते बसतात. फासे आणि टोकाच्या कड्या, जिथे ओढ जास्त असते आणि झाळ सुटली तर पैंजण रस्त्यात पडते, ते काम आता बहुतेक त्यांच्याकडे येते. फोनवर पूर्वी "जेवलो" सांगणारा माणूस आता कोणाच्या पैंजणाचा फासा परत आला आणि तो आपण केलेला नव्हता, हे सविस्तर सांगतो. झोपेची गोळी डॉक्टरांनी बंद केली. रक्तदाबाची चालू आहे, ती चालूच राहणार.

ज्यांना असे काही करायचे आहे त्यांनी एक लक्षात घ्यावे. दागिने करणे हे एक काम नाही, ती दहा-बारा कामांची साखळी आहे, आणि तिची प्रत्येक कडी उतारवयाला मानवते असे नाही. चांदीच्या कांबीत तांबे मिसळून आटणी करायची, पट्टा काढायचा, भोकांच्या पोलादी पट्टीतून तार ओढायची, तार सळईवर गुंडाळून कड्या कापायच्या, त्या जोडायच्या, झाळायच्या, कानशीने घासायच्या, आम्लातून काढून धुवायच्या, घुंगरू लावायचे, उजळायचे. आटणी आणि तारओढ ही ताकदीची कामे, ती तरुणांनी करावीत. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचे काम तर घरच्या वडीलधाऱ्यांनी मुळीच अंगावर घेऊ नये. आपल्याकडचे गलाईवाले, विटा, खानापूर, आटपाडी भागातली कुटुंबे, या कामासाठी पिढ्यान्पिढ्या भारतभर पसरली आहेत. केरळपर्यंत त्यांची दुकाने आहेत, तेव्हा अब्बासियातल्या आपल्या मल्याळी शेजारणीच्या साखळीतले सोने एखाद्या विटेकराच्या मुशीतून गेलेले असणे सहज शक्य आहे. पण नायट्रिक आम्लातून उठणाऱ्या तपकिरी धुरात उभे राहण्याचे ते काम आहे. ते शिकायचे वय साठ नव्हे.

कड्या जोडणे, झाळ, बारीक कानसकाम आणि गाठवणे ही बसून करायची, डोळ्यांची आणि सबुरीची कामे. गाठवणे म्हणजे मणी, मोती, पाने रेशमात किंवा जरीत ओवून दागिना पुरा करणे. हे पटवेकऱ्यांचे काम. सोनाराने साजाची पाने कितीही सुबक केली तरी ती गाठवल्याशिवाय गळ्यात बसत नाहीत. मोत्यांच्या सरात दर दोन मोत्यांमध्ये गाठ मारतात, ती दोन कारणांसाठी: मोती एकमेकांवर घासत नाहीत, आणि सर तुटला तर सगळे मोती जमिनीवर विखुरत नाहीत. या कामाला ना ज्योत लागते ना आम्ल. कुवेतमध्ये राहून शिकता येईल असे हेच एक काम, त्याबद्दल पुढे लिहितो.

आता पैशांकडे येऊ. इथे आमच्या घरात भांडण झाले होते, म्हणून जरा सविस्तर.

कुवेतच्या २०१० च्या खासगी क्षेत्रातील कामगार कायद्यानुसार मासिक पगारावरच्या कामगाराला सेवासमाप्तीची रक्कम मिळते. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी पंधरा दिवसांचा पगार, पुढच्या प्रत्येक वर्षासाठी एक महिन्याचा, आणि एकूण रक्कम दीड वर्षाच्या पगारापेक्षा जास्त नाही. अण्णांची सेवा मोठी असल्याने हिशेब त्या मर्यादेच्या वर जात होता, म्हणून दीड वर्षाचाच पगार हाती आला. आयुष्यात एकदाच येणारी रक्कम. अण्णा कारखान्यात रमले हे दिसताच नात्यातल्या एका गृहस्थांनी सुचवले की ही रक्कम घालून स्वतःचाच कारखाना काढा, दुसऱ्याची मजुरी कशाला करता? सूचना प्रेमाने केलेली होती आणि अण्णा जवळजवळ तयार झाले होते. मी आणि आईने विरोध केला.

विरोधाचे कारण साधे होते. मजुरीच्या कामात चांदी व्यापाऱ्याची असते. तो वजन करून देतो, तुम्ही वजन करून परत करता, कामात उडणाऱ्या धातूसाठी ठरलेली घट मान्य असते, आणि मजुरी वेगळी मिळते. भाव वर गेला काय, खाली आला काय, तुमची मजुरी तीच. स्वतःचा माल केला की चांदी तुमची आणि भावाची जोखीमही तुमची. २०२५ या एका वर्षात चांदीचा भाव दुपटीहून अधिक झाला. ज्याच्याकडे साठा होता त्याला तो लाभ झाला खरा, पण ज्याने आधीच्या भावात दागिन्यांची मागणी घेऊन ठेवली होती आणि चांदी नंतर घ्यायची होती, त्याचे काय झाले असेल याचा विचार करा. असा भाव उलटही फिरतो. तिशीतला माणूस त्यातून सावरायला वीस वर्षे घेऊ शकतो, साठीतल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. अण्णांनी अखेर मजुरीच पत्करली. सेवासमाप्तीची रक्कम मुदत ठेवीत आहे.

मजुरीतही एक खाच आहे. समजा, किलोभर चांदी हातात आली, मान्य घट पाच ग्रॅम आहे, आणि तुमच्या हातून आठ ग्रॅम गेली. जादा तीन ग्रॅम तुमच्या मजुरीतून कापली जातात. किलोला एक लाख भाव असताना ते तीनशे रुपये होतात, दोन लाख असताना सहाशे. म्हणजे भाव चढला की नवशिक्याची चूक महाग होते, मजुरी मात्र तशीच. म्हणून मांडीखाली स्वच्छ कापड, कानसकामाचा चुरा रोज गोळा करणे, आणि देताना-घेताना वजन दोघांसमोर वहीत लिहिणे. अण्णांनी वही घातली तेव्हा आत्येभावाला जरा लागले होते. "घरच्या घरात वही कशाला?" आता तोच इतर कामगारांना वही घालायला सांगतो.

मिळते किती? अण्णांना महिन्याला आठ ते नऊ हजार रुपये सुटतात, म्हणजे साधारण तीस दिनार. अर्धा दिवस काम, सणावाराला सुट्टी. एवढ्यावर घर चालवायचे म्हटले तर चालणार नाही, आणि तसे मनात धरून कोणी या वाटेला जाऊ नये. घर चालेल अशी दुसरी तजवीज आधी हवी. अण्णा या पैशांतून नातवंडांना काहीबाही घेतात आणि आईच्या हातावर दर महिन्याला हजार रुपये ठेवतात, कुवेतच्या पगारातून ठेवायचे तसेच.

परत जाणाऱ्यांनी कागदोपत्री दोन-तीन गोष्टी पाहाव्यात. कायमचे परतल्यावर एनआरई खाते तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते निवासी किंवा आरएफसी खात्यात बदलावे लागते, आणि करमाफीही त्या दर्जाबरोबर संपते. राज्यातल्या राज्यात मजुरीचे काम करणाऱ्याची वर्षाची मिळकत वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची गरज नाही, तेव्हा त्या भीतीने कोणी अडू नये. सोन्याच्या दागिन्यांच्या विक्रीला मात्र भारतात १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक लागतो. चाळीस लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या सराफांना त्यातून सूट दिलेली आहे. चांदीलाही सप्टेंबर २०२५ पासून असा क्रमांक देणे सुरू झाले, तेव्हा ते ऐच्छिक ठेवले होते.

केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यातल्या अठरा व्यवसायांत सोनारकाम आहे. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात रोज पाचशे रुपये, हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत, आणि हवे असल्यास पाच टक्के व्याजाने पहिले एक लाखाचे कर्ज. वयाची खालची अट अठरा वर्षे आहे. मात्र अर्जदार ते काम स्वतः हाताने करीत असला पाहिजे, आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते, म्हणून विमानतळावरून थेट अर्ज करायला जाण्यात अर्थ नाही. आधी काही काळ कामाला बसा. अण्णांना कर्ज नको आहे, हत्यारांचा मोह आहे. अर्ज भरू भरू म्हणत दोन दिवाळ्या गेल्या.

प्रकृतीचा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवलेला नाही, पण तो वाचल्याशिवाय कोणी ज्योत पेटवू नये. सगळ्यांत आधी कॅडमियम. सोन्याच्या दागिन्यांवर "केडीएम" असा शब्द आपण वर्षानुवर्षे अभिमानाने ऐकला, जणू ती शुद्धतेची पदवी. तो आला कॅडमियमवरून. कॅडमियम घातलेले झाळण कमी तापमानाला सुरेख वाहते, म्हणून कारागिरांना ते आवडायचे. चांदीच्या स्वस्त झाळणांतही ते असते. पण कॅडमियम ७६७ अंशांना उकळते, म्हणजे झाळकामाच्या तापमानाच्या अगदी जवळ, आणि त्याचा धूर फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक आहे. कॅडमियमची गणना कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत होते. फसवी गोष्ट अशी, की धूर घेतल्याबरोबर काही वाटत नाही. चार-सहा तासांनी ताप, अंगदुखी, छातीत जड वाटणे सुरू होते आणि माणूस समजतो की फ्लू झाला. झाळकाम केलेल्या दिवशी असे झाले तर डॉक्टरांना झाळकामाबद्दल सांगाच.

अण्णांना हे कुवेतमधल्या कामावरून माहीत होते. तिथे सुरक्षेच्या वर्गात त्यांना कॅडमियमविरहित कांड्याच वापरायला शिकवले होते. हुपरीत बसल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो झाळणात काय आहे हा, आणि कोणालाच सांगता येईना. आता त्या टेबलावर फक्त चांदी-तांबे-जस्ताचे झाळण येते. जस्ताचा धूरही चांगला नव्हेच, म्हणून पंखा असा लावला आहे की धूर तोंडासमोरून न जाता बाजूने खिडकीबाहेर ओढला जावा. साधा रुमाल बांधून धूर अडत नाही, हे तिथल्या पोरांना पटायला वेळ लागला. एकोणतीस वर्षांच्या कुवेतचा गावाला असाही उपयोग झाला.

झाळल्यावर दागिना काळा पडतो, तो पातळ गंधकाम्लात उजळतात. नेहमी पाण्यात आम्ल घालायचे, आम्लात पाणी कधीही नाही. अण्णा लिंबूसत्त्वाचे कोमट पाणी वापरतात. वेळ जास्त लागतो, पण काम होते आणि भांडे लवंडले तर पाय भाजत नाही.

डोळ्यांचे म्हणाल तर मराठीने जवळच्या चष्म्याला "चाळिशी" हे नावच देऊन ठेवले आहे, तेव्हा साठीत डोळे आहेत तसे चालतील ही आशा सोडा. वाचनाचा चष्मा साधारण हातभर अंतरासाठी असतो. झाळकाम त्याहून जवळ चालते. चष्मेवाल्याला कामाचे अंतर पट्टीने मोजून सांगा, तो त्या अंतराचा वेगळा चष्मा देईल. मधुमेह असेल तर आधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, मोतीबिंदू पिकत असेल तर त्याची शस्त्रक्रिया आधी. अंगठ्याच्या मुळाशी दुखणे हा चिमटा धरणाऱ्यांचा नेहमीचा त्रास. चिमट्याच्या दांड्यांवर जाड रबर चढवले की पकड सैल ठेवता येते. अण्णा जमिनीवर बसत नाहीत. गुडघ्यांनी नकार दिला, म्हणून छातीच्या उंचीचे टेबल करून घेतले. दर तासाला उठून अंगणात एक चक्कर, ही आईची अट आहे आणि ती फोन करून खात्री करते.

आता इथे, जलीबमध्ये काय करता येईल? झाळकाम नाही, हे प्रथम सांगतो. १२ जून २०२४ रोजी मंगफमधल्या कामगारांच्या इमारतीला लागलेल्या आगीत चाळीसहून अधिक भारतीय गेले. आपल्या इमारती किती भरलेल्या आहेत हे आपण जाणतो. गॅसची टाकी आणि उघडी ज्योत घेऊन छंद करायची ही जागा नव्हे. शिवाय कलम २२ च्या, म्हणजे कुटुंबाच्या इकाम्यावर पगारी काम किंवा धंदा करता येत नाही. मौल्यवान धातूच्या विक्रीवर इथे वाणिज्य मंत्रालयाचे वेगळे नियंत्रण आणि शिक्का आहे. कोणी भगिनी म्हणेल, हळदीकुंकवाला चार नथी विकल्या तर काय बिघडले? कदाचित काही बिघडणार नाही, पण ज्या दिवशी बिघडेल त्या दिवशी सगळ्या कुटुंबाचा इकामा पणाला लागेल. शिका, घरच्यांसाठी करा, भेट द्या. विक्री भारतात.

शिकण्यासाठी गाठवणे आणि नथ ही दोन कामे उत्तम. नथीचे तर या भूमीशी जुने नाते आहे. तेल सापडण्याआधी कुवेत मोत्यांवर जगत असे. उन्हाळाभर नावा समुद्रात असत, आणि आखातातले मोती विकले जात ते मुंबईच्या बाजारात. इथल्या मोती व्यापाऱ्यांच्या पेढ्या तिथे होत्या. आपण ज्यांना "बसरा मोती" म्हणतो ते याच समुद्रातले. पेशवाई थाटाच्या जुन्या नथीत, तन्मणीत तेच असत. पुढे जपानी कृत्रिम संवर्धनाचे मोती आले, १९३० च्या मंदीत मागणी बसली आणि हा धंदा मोडला. आज आपण नथीत ओवतो ते मोती बहुधा गोड्या पाण्यातले, चीनमधून आलेले. त्यांना भोके पाडलेली असतात, तार आणि धीर असला की पुरे. माझ्या पत्नीने तीन नथी केल्या, तिसरी आईने लग्नात घातली. मीही एका शुक्रवारी बसलो. दोन तासांत सात मोती ओवले आणि पाच सोफ्याखाली गेले, त्यांतला एक अजून तिथेच असावा.

एवढे पाहा की तार निकेल नसलेली असावी. स्वस्त मुलाम्याच्या दागिन्यांनी नाक किंवा मान खाजते, पुरळ येते, ते पुष्कळदा निकेलमुळे. एकदा सुरू झालेली ही अॅलर्जी सहसा जन्मभर साथ देते. आणि मोत्याला घाम व अत्तर सोसत नाही, तेव्हा नटणे पुरे झाल्यावर नथ शेवटी चढवावी आणि काढल्यावर ओलसर मऊ कापडाने पुसून ठेवावी.

ज्यांना रीतसर शिकायचे आहे त्यांच्यासाठी मुंबईत जेम अँड ज्वेलरी निर्यात परिषदेची आयआयजीजे ही संस्था आहे. तिथले बहुतेक विद्यार्थी विशीतले असतात, याची तयारी ठेवून जावे. मी अण्णांना संगणकावर दागिन्याचे चित्र काढायचा प्रोग्रॅम लावून दाखवला होता. त्यांनी पडद्यावरची कडी गोल गोल फिरवली, कौतुक केले, आणि विचारले, "हिचं वजन किती?" प्रोग्रॅम वजनही सांगतो, ते मी दाखवले. "मग बरं हाय," म्हणाले आणि उठून कारखान्यात गेले.

पुढच्या महिन्यात मी गावी जातो आहे. कुवेतहून काय आणू म्हणून विचारले. पूर्वी ते आमच्यासाठी टँग आणि खजूर आणायचे. त्यांनी सांगितले, दिवा असलेले एक भिंग, उभ्या दांड्याचे, टेबलाला अडकवायचे. फरवानियात मिळते म्हणे. आणि कॅडमियम नसलेल्या कांड्यांचे एक पाकीट, पण ते नको, विमानात अडवतील, त्यापेक्षा पाकिटावरचे नाव लिहून आण.